आफ्रिकेत कार्यशाळा घेणं आणि अभ्यासक्रम उभा करणं

बडोद्यात निम्म्या ओळखीच्यांचं कुणी ना कुणी टांझानियात, केनियात नाहीतर युगांडात असतं. त्यामुळे वर्षातून एकदा तरी शेजारच्या पटेल मंडळींच्या ग्रुपवरून फिरत फिरत मेसेज येतो : आपल्या मुलांनी तिकडे हेल्थ एज्युकेशनचा प्रोग्राम सुरू केला. खाली फोटो. बॅनर, बॅनरपुढे तीन रांगा, प्रत्येकाच्या हातात सर्टिफिकेट. काम चांगलंच आहे, पण ती कार्यशाळा असते. तिच्यासाठी देणगी मागतात ती मात्र अभ्यासक्रमाच्या मापाची, आणि तिथे माझं डोकं उठतं.

कार्यशाळा तुम्हाला ठाऊकच आहे : पाहुणे, स्लाइड्स, आधी एक चाचणी, शेवटी तीच चाचणी, मार्क वाढलेले, जेवण, फोटो. पुढे चला.

फरक विचारला की लोक दिवस मोजतात. तीन दिवस म्हणजे कार्यशाळा, तीन वर्षं म्हणजे अभ्यासक्रम. हे फसवं आहे. तेच पाहुणे दहा वर्षं दर जानेवारीत आले, तर दहा कार्यशाळा होतात. ऑनलाइन की समोरासमोर, पुस्तकं कुणाची, फी किती, हेही बाजूला ठेवा.

मेख आहे ती पाहुणे विमानात बसल्यानंतरच्या सोमवारी. वर्गावर कोण जातं, आणि त्याचा पगार कुणाच्या आस्थापनेवरून निघतो? आपलं बडोदा मेडिकल कॉलेज १९४९ सालचं. तेव्हापासून किती प्राध्यापक आले, बदलून गेले, निवृत्त झाले. पद मंजूर आहे म्हणून त्यावर पुढचा माणूस येतो. (कधीकधी वर्षानुवर्षं येत नाही, ते भांडण वेगळं.) शिकून बाहेर पडणाऱ्याची पदवी सरकार मानतं आणि तिच्यावर नोकरी लागते. शिकवणाऱ्याचं पद, शिकणाऱ्याची मान्य पात्रता आणि पुढे नेमणुकीची जागा, ही तिन्ही त्या देशाच्या स्वतःच्या सरकारी कागदावर असली, की मी त्याला अभ्यासक्रम म्हणते. एक जरी पाहुण्यांच्या खिशात असलं, तरी नाही.

मोझांबिकने १९८४ मध्ये डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना सिझेरियनसकट शस्त्रक्रिया शिकवायला सुरुवात केली. शिक्षण तीन वर्षांचं, आणि नंतर जिल्हा रुग्णालयात नेमणूक. सात वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा त्यांच्यातले ८८ टक्के जिल्हा रुग्णालयांतच काम करत होते. तशाच रुग्णालयांत नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. ही पात्रता घडवलीच होती त्या खुर्चीसाठी, म्हणून माणूस खुर्चीवर टिकला.

रवांडाचं उदाहरण अवघड आहे, म्हणूनच मला ते जास्त आवडतं. २०१२ मध्ये त्यांनी सात वर्षांची योजना आखली. पैसा मुख्यतः अमेरिकेचा, पण तो रवांडाच्या आरोग्य मंत्रालयाकडे आला. मंत्रालयानेच अमेरिकी विद्यापीठांशी करार केले आणि त्यांच्या वरखर्चाला ७ टक्क्यांची वेसण घातली. आलेल्या प्राध्यापकाची जोडी स्थानिक शिक्षकाशी लावायची, म्हणजे पाहुणा गेला तरी विषय मागे राहतो. एवढा नेटका विचार करूनही एक मोठा अमेरिकी निधी २०१७ मध्ये, मुदतीआधीच, थांबला. अशा वेळी मंजूर पदाची किंमत कळते.

कार्यशाळेला मी निरुपयोगी म्हणत नाही, पण एकट्या कार्यशाळेने भागत नाही. उत्तर टांझानियातल्या हायडम रुग्णालयात नवजात बाळाचा श्वास सुरू करण्याचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. सरावाच्या बाहुलीवर सगळ्यांचा हात सुधारला, प्रसूतिगृहात मात्र काम होतं तसंच चालू राहिलं. (आधी-नंतरच्या चाचणीचे वाढलेले मार्क मला कुणी कौतुकाने दाखवले की मी हेच सांगते.) पुढे त्याच रुग्णालयात तोच सराव कामाच्या जागी, थोडा थोडा आणि वारंवार सुरू झाला. पहिल्या २४ तासांतले बालमृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. असा सराव विमानाने येऊन करून घेता येत नाही. त्याला तिथेच नोकरीला असलेलं माणूस लागतं.

त्यामुळे देणगीचा मेसेज आला की मी अंदाजपत्रक मागते. तिकिटं, हॉटेल, बॅनर, बाहुल्या यांच्या ओळी असतातच. मी शोधते ती स्थानिक शिक्षकाच्या पगाराची ओळ. नसेल तर देणगी कार्यशाळेपुरती, हात आखडून. असेल तर चौथ्या वर्षी हा पगार कोण देणार, एवढंच विचारते, आणि बहुतेक वेळा तिथेच 'मग निवांत बोलू' म्हणून फोन ठेवला जातो.