गुळाचा खडा फुप्फुसात पोचत नाही

फायबरग्लासच्या कारखान्यांत रात्रपाळी सुटली की हातावर गुळाचा खडा ठेवायची जुनी पद्धत आहे. ‘गूळ खा, छातीतली धूळ धुऊन निघते,’ असं नव्या पोरालाही पहिल्याच दिवशी सांगतात.

तसं होत नाही. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. गुळाने लाळ सुटते, खवखवणारा घसा ओला होतो आणि बरं वाटतं, एवढंच. काचेचे जाड धागे नाकाघशात अडकतात, मनगटावर खाजतात. पण फायबरग्लासच्या टाकीची कडा ग्राइंडरने घासताना उडणारी पिठासारखी धूळ, पाच मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) बारीक, थेट खोल उतरते. तिथे गूळ काय करणार?

आणि काचेचे धागे जोडणाऱ्या चिकट रेझिनचा तो उग्र वास, म्हणजे त्यातल्या स्टायरीन या रसायनाची वाफ! ती साध्या धुळीच्या मास्कलाही जुमानत नाही. तिच्यासाठी मास्कला रासायनिक वाफेचं कार्ट्रिज, म्हणजे वाफ शोषणारी डबी, लागतं. तासाभराने वास येईनासा होतो तो नाक सरावल्यामुळे, वाफ मात्र तिथेच असते.

धूळ जिथे उडते तिथेच ओढून घ्यायची जबाबदारी १९४८च्या कारखाना कायद्याच्या कलम १४ने मालकावर टाकली होती. गूळ जरूर खा, पण ग्राइंडरजवळचा धूळ ओढून घेणारा एक्झॉस्ट बंद असेल तर सुपरवायझरला आधी तो सुरू करायला सांगा.