‘नैसर्गिक’ लिहिलं म्हणून सूट नाही : मांसासाठी पाळलेल्या जनावरांच्या फीड ॲडिटिव्हला युरोपीय संघात मंजुरी कशी घ्यायची

फीड ॲडिटिव्हच्या, म्हणजे जनावराच्या खाद्यात थोड्या मात्रेत मिसळायच्या पदार्थाच्या, डब्यावर ‘वजन वाढतं’ लिहायचं आहे, की ‘जनावर खाद्य आवडीनं खातं’ एवढंच? अर्जाच्या पहिल्या पानाआधी हे ठरवा. यीस्ट असो, लसणाचा अर्क असो, टॅनिन असो की लवंगेचं तेल, कोणत्या चाचण्या लागतील, किती पैसे जातील आणि किती वर्षं थांबावं लागेल, हे त्या एका वाक्यावर ठरतं. माल तोच राहतो, दावा बदलला की फाइल बदलते. आधी कागद गोळा करायचे आणि शेवटी दावा ठरवायचा, असा उलटा प्रवास करणारे बरेच जण भेटतात. त्यांची अर्धी कागदपत्रं निरुपयोगी ठरतात.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. वाढीसाठी खाद्यातून अँटिबायोटिक देणं युरोपीय संघात १ जानेवारी २००६ पासून बंद आहे. मांसाच्या जनावरांना दिलं जाणारं मोनेन्सिनही त्यात गेलं. ती जागा भरायला वनस्पतींचे अर्क, सुगंधी तेलं आणि जिवंत यीस्ट पुढे आले. या सगळ्यांना लागू होणारा कायदा एकच, नियमन १८३१/२००३. त्यात ‘नैसर्गिक’ म्हणून वेगळी, सोपी रांग नाही. परवानगीच्या यादीत नसलेलं ॲडिटिव्ह बाजारात आणता येत नाही.

आधी हे ॲडिटिव्ह आहे का ते बघा

वाळवून दळलेला पाला किंवा बियांची पेंड पोषणासाठी खाऊ घालत असाल, तर ते बहुधा ‘खाद्य कच्चा माल’ ठरतं. त्याला मंजुरीपूर्व अर्ज लागत नाही. त्याच पाल्यातून एखादा घटक वेगळा काढून, ठरावीक मात्रेत, ठरावीक परिणामासाठी दिला तर ते ॲडिटिव्ह. आणि लेबलवर ‘हगवण थांबते’ असं लिहिलं तर तुम्ही तिसऱ्याच दारात उभे राहता, पशुवैद्यकीय औषधांच्या. रोग टाळतो, बरा करतो असा दावा खाद्याच्या लेबलवर चालत नाही (कॉक्सिडिओस्टॅटचा, म्हणजे कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवींना रोखणाऱ्या पदार्थांचा, अपवाद सोडून). सीमारेषा कुठे पडते याच्या मार्गदर्शक सूचना युरोपीय आयोगाने २०११ मध्ये दिल्या आहेत. शंका असेल तर त्या आधी वाचा.

ॲडिटिव्ह ठरलं की पाच वर्गांपैकी एक निवडायचा : तांत्रिक, संवेदी, पोषणविषयक, झूटेक्निकल आणि कॉक्सिडिओस्टॅट. मांसाच्या जनावरांच्या नैसर्गिक पदार्थांपुढे खरा प्रश्न दुसऱ्या आणि चौथ्या वर्गातला असतो. संवेदी म्हणजे रंग, वास, चव. झूटेक्निकल म्हणजे पचन सुधारणं, आतड्यातल्या जिवाणूंचा समतोल राखणं, पर्यावरणावरचा परिणाम कमी करणं (मिथेन यातच येतो) किंवा वजनवाढ. चवीचा पदार्थ माणसांच्या अन्नात आधीच वापरात असेल आणि खाद्यातही त्याचं काम तेच असेल, तर परिणामकारकता वेगळी सिद्ध करावी लागत नाही. म्हणून अनेक कंपन्या सुगंधी तेल ‘चव’ म्हणून नोंदवतात. सुरक्षिततेची तपासणी मात्र तिथेही होते. मार्ग सोपा असला तरी नंतर विक्रेत्याने ‘रोजची वजनवाढ’ म्हणत फिरायचं नाही. माझ्या मते इथेच बहुतेक जण घसरतात. स्वस्त फाइल घेतात आणि महागड्या फाइलचा दावा करतात.

अर्ज कोण करू शकतो

कोणतीही व्यक्ती किंवा कंपनी. अट एकच : अर्जदार किंवा त्याचा प्रतिनिधी युरोपीय संघात स्थापित असला पाहिजे. बाहेरच्या उत्पादकाने तिथला प्रतिनिधी आधी नेमावा. झूटेक्निकल वर्गात परवानगी धारकाच्या नावाने निघते, तर चवीच्या पदार्थाची मंजुरी सगळ्यांना खुली असते. म्हणजे वजनवाढीच्या चाचण्यांवर पैसे घालणाऱ्याला निदान मालकी मिळते.

कागदपत्रं

फाइलची रचना नियमन ४२९/२००८ मध्ये दिली आहे : सारांश, ओळख व उत्पादन, सुरक्षितता, परिणामकारकता, आणि झूटेक्निकल असेल तर विक्रीनंतरच्या देखरेखीची योजना.

ओळखीचा भाग सोपा वाटतो, पण वनस्पतिजन्य माल तिथेच अडकतो. किमान पाच बॅचचं विश्लेषण द्यावं लागतं. नेहमीची चूक अशी की पाचही बॅच एकाच पोत्यातल्या पाल्याच्या असतात. आकडे सुरेख जुळतात आणि तेवढ्यानेच तपासणाऱ्याला शंका येते, कारण वनस्पतीतले घटक हंगाम, जमीन आणि काढणीनुसार बदलतात. वेगवेगळ्या काढण्यांचा माल घ्या, वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग नीट लिहा. जड धातू, कीटकनाशकांचे अंश आणि बुरशीची विषं यांचे अहवालही जोडा. ॲडिटिव्ह प्रिमिक्समध्ये (तयार खाद्यात घालण्याआधीच्या ॲडिटिव्हच्या मिश्रणात) साधारण सहा महिने आणि तयार खाद्यात तीन महिने टिकतं का, हेही दाखवावं लागतं. सुगंधी तेलं उडून जातात, त्यामुळे हा मुद्दा हलक्यात घेऊ नका.

सुरक्षितता चार बाजूंनी बघतात : जनावर, मांस खाणारा, पिशवी फोडून मिसळणारा कामगार आणि पर्यावरण. जनावरासाठी सहनशीलतेची चाचणी लागते. मांसासाठी वाढवायच्या गुरांत ती ४२ दिवसांची असते आणि साधारण दहापट मात्रा देऊन बघतात. कामगारासाठी त्वचेची जळजळ, डोळे आणि श्वासातून जाणारी धूळ तपासतात. ‘झाडाचंच आहे, काय होणार’ हे उत्तर इथे चालत नाही. एस्ट्रागोल, मिथाइलयुजेनॉल, सॅफ्रोल हे निसर्गातलेच घटक आहेत, पण त्यांच्यावर जनुकांना इजा करण्याचा आणि कर्करोगाचा ठपका आहे. मिथेन कमी करणाऱ्या ज्या लाल समुद्रशेवाळाची सगळीकडे चर्चा असते, त्याचं काम करणारा मुख्य घटक ब्रोमोफॉर्म आहे. त्याचे अंश कुठे जातात हे दाखवल्याशिवाय गत्यंतर नाही.

यीस्टवाल्यांना थोडा दिलासा आहे. सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी हे ‘सुरक्षित गृहीत’ धरलेल्या जीवांच्या यादीत आहे. म्हणून ओळख पक्की केली की जनावर आणि ग्राहक यांच्यासाठीच्या अनेक चाचण्या वाचतात. त्यासाठी यीस्टचा वाण मान्यताप्राप्त कल्चर कलेक्शनमध्ये, म्हणजे सूक्ष्मजीव जपून ठेवणाऱ्या संग्रहात, जमा केलेला असावा लागतो. कामगारांसंबंधीचा भाग मात्र सुटत नाही.

परिणामकारकतेसाठी झूटेक्निकल वर्गात साधारण तीन दीर्घ चाचण्या लागतात, किमान दोन वेगळ्या ठिकाणी. नियमाच्या परिशिष्टात मांसासाठी वाढवायच्या गुरांसाठी किमान कालावधी १६८ दिवस दिला आहे. म्हणजे एका चाचणीला अर्धं वर्ष जवळपास गेलंच. रवंथ करणाऱ्या जनावरांत सांख्यिकी कसोटी जरा सैल आहे, फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांऐवजी दहा टक्क्यांपर्यंत चालते, कारण गट लहान असतात आणि प्रत्येक जनावराचं कोटीपोट वेगळं वागतं.

मात्रेचा हिशेब इथेच करून ठेवा. परवानगीत मात्रा ‘१२ टक्के ओलावा असलेल्या पूर्ण खाद्याच्या’ दर किलोमागे लिहितात. समजा मात्रा १०० मिलिग्रॅम आहे आणि जनावर रोज १० किलो कोरडा पदार्थ खातं. १० ला ०.८८ ने भागा (१२ टक्के ओलावा सोडून उरणारा ८८ टक्के कोरडा भाग), ११.३६ किलो येतात, म्हणजे रोज सुमारे १,१३६ मिलिग्रॅम. पण कोणी गव्हाणीत टाकलेल्या ओल्या मुरघासाचं वजन धरलं आणि त्या खाद्यात कोरडा पदार्थ ३५ टक्केच असेल, तर हिशेब २८.६ किलोवर जातो आणि मात्रा अडीचपट होते. चाचणीच्या अहवालात हा घोळ झाला तर दहापट मात्रेचा आकडाही चुकतो.

अर्जाचा क्रम

२७ मार्च २०२१ पासून एक पायरी वाढली आहे. चाचणी सुरू करण्याआधीच तिची नोंद युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे, म्हणजे इटलीतल्या पार्मा इथल्या इफ्साकडे करावी लागते. सबळ कारणाशिवाय नोंद न केलेल्या चाचण्या फाइलमध्ये आल्या तर अर्ज वैध धरत नाहीत. आधी चाचणी करून घेतली आणि मग नियम वाचला, असं करू नका.

त्यानंतर अर्ज आयोगाच्या ऑनलाइन यंत्रणेतून जातो. गोपनीय आणि उघड अशा दोन प्रती तयार ठेवा. उघड प्रत सगळ्यांना वाचता येते, त्यामुळे काय झाकायचं ते कारणासह सांगावं लागतं. याच टप्प्यावर ॲडिटिव्हचे तीन नमुने बेल्जियममधल्या गील इथल्या संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवायचे आणि पाठवल्याचं लेखी निवेदन फाइलला जोडायचं. प्रयोगशाळेचं शुल्क असतं, इफ्सा शुल्क घेत नाही.

इफ्सा आधी फाइल पूर्ण आहे का बघते. वैध ठरली की सहा महिन्यांत मत द्यायचं असतं. पण प्रश्न विचारला की घड्याळ थांबतं आणि तुमचं उत्तर पोचेपर्यंत थांबलेलंच राहतं. त्यामुळे सहा महिन्यांवर विसंबून विक्रीची तारीख ठरवू नका. मत आल्यावर आयोग तीन महिन्यांत नियमनाचा मसुदा करतो, सदस्य देशांच्या समितीत त्यावर मतदान होतं आणि मग परवानगी प्रसिद्ध होते.

परवानगीसोबत ओळख क्रमांक मिळतो. पहिला अंक वर्ग सांगतो, अक्षर गट सांगतं : ‘२बी’ म्हणजे चव, ‘४बी’ म्हणजे आतड्यातला समतोल, ‘४सी’ म्हणजे पर्यावरण. कोणाच्याही डब्यावर ‘२बी’ दिसलं आणि शेजारी वजनवाढीचा आलेख छापलेला असेल, तर काय झालंय ते तुम्हाला आता कळेल. लेबलवर हा क्रमांक, गटाचं नाव, बॅच, उत्पादनाची तारीख, वापरण्याची पद्धत आणि सुरक्षिततेच्या सूचना असाव्यात. कारखान्यालाही खाद्य स्वच्छतेच्या नियमन १८३/२००५ खाली नोंदणी लागते, झूटेक्निकल माल असेल तर मान्यता.

परवानगी १० वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान एक वर्ष आधी करायचा असतो, आणि परवानगीत विक्रीनंतरच्या देखरेखीची अट असेल तर तिचा अहवाल त्या फाइलला जोडावा लागतो. म्हणून तक्रारींची वही पहिल्या खेपेपासून ठेवा, नवव्या वर्षी ती कोणी लिहून देत नाही.