होडी आतून कुजते, ती कशाने?

कृष्णाकाठी सांगलीत काय किंवा कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर तापोळ्याला काय, एक सल्ला हमखास मिळतो: होडीला आतून रंगाचे जाड थर द्या, फटी लांबीने (पुट्टीने) बुजवा, लाकूड कुजणार नाही. ऐकायला पटतं, पण होतं उलटंच.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल हवी आणि हवाही हवी. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या आत राहिली तर बुरशी वाढत नाही. आणि कायम पूर्ण पाण्याखाली असलेलं लाकूड हवेअभावी वर्षानुवर्षं टिकतं. धोका या दोन्हींच्या मधल्या, ओलसर जागेत, म्हणजे बाकाखालच्या बंद कप्प्यात आणि तळफळ्यांखाली (तळावर पाय ठेवायला टाकलेल्या फळ्यांखाली). त्यातून आपलं पाणी गोडं. समुद्राचं मीठ बुरशीला थोडं तरी आवरतं, इथे तेही नाही. जाड रंगाला केसाएवढी चीर पडली की पावसाचं पाणी आत शिरतं आणि तिथेच अडकतं. वरून चकचकीत, आतून भुसा!

म्हणून आतली रचनाच उघडी ठेवायची. तळफळ्या खिळ्यांनी ठोकू नका, उचलता येतील अशा बसवा. दोन तळफळ्यांत बोटभर फट सोडा. आडव्या बरगड्यांना (होडीच्या आतल्या आधाराच्या लाकडांना) तळाशी भोकं ठेवा, म्हणजे पाणी एका जागी येऊन उपसता येतं. कप्प्यांच्या दारांना वर-खाली झरोके हवेत. रंगापेक्षा फळीच्या कापलेल्या टोकांकडे लक्ष द्या, पाणी सर्वात जास्त तिथूनच शोषलं जातं. पावसाळ्यात होडी ताडपत्रीत गच्च गुंडाळू नका; ताडपत्री उंच, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी ताणा.

सागालाही यातून सूट नाही, तो फक्त जरा उशिरा हार मानतो.