फेस विरला, रसायनं राहिली: कृष्णेतल्या घरगुती प्रदूषणाची पार्श्वभूमी

कृष्णेत मासे मेले की सांगलीत पहिलं बोट साखर कारखान्यांच्या मळीकडं जातं, दुसरं शहरातून नदीत येणाऱ्या शेरीनाल्याकडं. दोन्ही बोटं योग्य जागीच जातात. पण शेरीनाल्यातून नेमकं काय येतं, असं विचारलं तर ‘सांडपाणी’ म्हणून विषय संपतो. त्या सांडपाण्यात कपड्यांची पावडर असते, भांड्यांचा साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, फिनेल असतं आणि आपण गिळलेल्या गोळ्यांचा शरीरातून तसाच बाहेर पडलेला भागही असतो. हे सगळं आपल्याच न्हाणीघरातून निघतं, म्हणून त्याच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही.

रिठा, शिकेकाई, राख यांच्या काळातही नदीवर धुणं होतंच. पण रिठा-शिकेकाई पाण्यात गेली की जिवाणू खाऊन टाकत. चरबीपासून केलेल्या साबणाचंही तेच. साबणाची अडचण वेगळी होती. जत, कवठेमहांकाळकडं बोअरच्या जड पाण्यात धुणं धुतलेल्या कुणालाही ती ठाऊक आहे: साबण घासत राहा, फेस येत नाही, कपड्यावर पांढुरका थर मात्र बसतो. पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरून ठेवतं. कृत्रिम डिटर्जंटला हा त्रास होत नाही. पहिल्या महायुद्धात चरबीचा तुटवडा पडल्यावर जर्मनीत त्याची सुरुवात झाली. 1946 मध्ये अमेरिकेत टाइड आलं, 1959 मध्ये भारतात सर्फ, आणि 1969 मध्ये करसनभाई पटेलांच्या निरमानं पावडर गरिबाघरीही पोचवली. बायकांचे हात आणि वेळ दोन्ही वाचले, हे विसरून या इतिहासाकडं पाहणं अन्यायाचं होईल.

पश्चिमेत त्याचे परिणाम लवकर दिसले, कारण ते डोळ्यांना दिसणारे होते. 1950च्या दशकात जर्मनीच्या नद्यांवर बंधाऱ्यांखाली फेसाचे ढीग साचू लागले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर विहिरीचं पाणी नळातून पेल्यात घेतलं तरी वर फेस यायचा. त्या वेळच्या डिटर्जंटच्या रेणूची साखळी फांद्या फुटलेली होती आणि जिवाणूंना ती तोडता येत नव्हती. जर्मनीनं 1961 मध्ये कायदा केला, तो 1964 पासून लागू झाला. 1965 मध्ये अमेरिकी उत्पादकांनीही सरळ साखळीचं डिटर्जंट आणलं. आपल्या पावडरीतही आज मुख्यतः तेच असतं. या सगळ्या हकिकतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट: नदी सुधारली ती पावडर बनवण्याची कृती बदलल्यामुळं. लोकांनी कपडे धुणं थांबवलं नव्हतं.

सरळ साखळीचं डिटर्जंट जिवाणू खातात, पण त्यांना त्यासाठी पाण्यात ऑक्सिजन लागतो. मैला साचून काळ्या पडलेल्या नाल्यात तो शिल्लकच नसतो, तिथं हे काम जवळपास थांबतं. त्यामुळं नाल्याच्या तोंडाशी आजही फेस तरंगताना दिसला, तर सांडपाणी प्रक्रियेशिवाय आलंय असं समजायला हरकत नाही.

फेसानंतर फॉस्फेटचा प्रश्न पुढं आला. पाणी मऊ करण्यासाठी पावडरीत घातलेलं फॉस्फेट नदी-तलावात खतासारखं काम करतं. शेवाळ माजतं, ते कुजताना ऑक्सिजन संपतो. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या एरी सरोवराची 1960च्या दशकात हीच गत झाली आणि 1972 मध्ये दोन्ही देशांनी करार केला. युरोपीय संघानं 2013 पासून घरगुती कपड्यांच्या डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर कडक मर्यादा घातली. आपल्याकडं पर्यावरणपूरक मालाला शिक्का देणाऱ्या 1991च्या इकोमार्क योजनेत साबण-डिटर्जंट होते, पण ती ऐच्छिक होती आणि बाजारात कधी रुजली नाही.

पुढची रसायनं फेस काढत नाहीत, रंग-वासही देत नाहीत. त्यांचा शोध बराचसा अपघातानं लागला. इंग्लंडमध्ये 1970च्या दशकाच्या अखेरीस सांडपाणी केंद्रांजवळ मासेमारी करणाऱ्यांना नर-मादी दोन्हींची लक्षणं असलेले मासे सापडू लागले. संशोधकांनी केंद्रांच्या खालच्या अंगाला पिंजऱ्यात ट्राउट मासे सोडले, तर नरांच्या रक्तातही अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार झालेलं आढळलं. मागोवा घेत ते पोचले ते स्त्री-संप्रेरकांपर्यंत. त्यात गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरकही होतं. बर्लिनमध्ये 1990च्या दशकाच्या सुरुवातीला भूजलात तणनाशक शोधताना क्लोफिब्रिक आम्ल हाती लागलं. ते कोलेस्टेरॉलच्या औषधाचा अवशेष निघालं. 2002 मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं 30 राज्यांतल्या 139 प्रवाहांचे निकाल जाहीर केले. 80 टक्के प्रवाहांत औषधं, संप्रेरकं, जंतुनाशकं किंवा डिटर्जंटचे अवशेष होते. त्यातलं ट्रायक्लोसान मूळचं शस्त्रक्रियेआधी हात धुण्यासाठी वापरलं जाणारं जंतुनाशक, ते पुढं घरच्या साबणात आणि टूथपेस्टमध्ये आलं. साध्या साबणापेक्षा ते सरस असल्याचं उत्पादकांना दाखवता आलं नाही, म्हणून 2016 मध्ये अमेरिकेनं ते घरगुती साबणांतून काढायला लावलं.

सांगली-मिरजेला हे लांबचं वाटू नये. वाई, माहुली, कऱ्हाड अशी वरची गावं आपलं पाणी कृष्णेत सोडतात आणि खाली सांगली त्याच नदीचं पाणी पिते. मिरज तर वैद्यकनगरी. 1894 मध्ये डॉ. वॅन्लेस यांनी मिशन रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून तीन राज्यांतून रुग्ण इथं येतात, आणि त्यांच्या गोळ्यांचे अवशेषही इथल्याच गटारीत उतरतात. पुढं म्हैसाळला हेच पाणी उचलून कवठेमहांकाळ, जतकडं जातं. पावसाळ्यात पूर सगळं पातळ करून नेतो. एप्रिल-मेमध्ये कोयनेतून सुटणाऱ्या पाण्यावरच नदी तगते, तेव्हा नाल्याचा वाटा वाढतो. जलशुद्धीकरणातली तुरटी, वाळूचे थर आणि क्लोरीन गाळ व जंतूंसाठी आहेत. पाण्यात पूर्ण विरघळलेला औषधाचा रेणू त्यातून बहुतांशी पार होतो. त्याला ओझोन किंवा सक्रिय कार्बन लागतो. स्वित्झर्लंडनं 2016 पासून मोठ्या सांडपाणी केंद्रांना तो टप्पा जोडायला घेतला. युरोपीय संघाच्या 2024च्या निर्देशानुसार त्या खर्चाचा किमान 80 टक्के भार औषध आणि सौंदर्यप्रसाधन उत्पादकांनी उचलायचा आहे.

आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस 10500 मध्ये, कीटकनाशकांची यादी आहे. औषधांच्या अवशेषांना मर्यादाच नाही. डिटर्जंटला आहे: लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर 1. त्याची चाचणी अवघड नाही. पाण्याच्या नमुन्यात मिथिलीन ब्लूचा निळा रंग घालायचा, वरून क्लोरोफॉर्म ओतून भांडं हलवायचं. एरवी हा रंग पाण्यातच राहतो. डिटर्जंट असेल तर तो त्याला धरून तळाच्या क्लोरोफॉर्ममध्ये उतरतो, आणि थर जितका गडद निळा तितकं डिटर्जंट जास्त. शेरीनाल्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे एप्रिल-मेमधले हे आकडे दरवर्षी वॉर्डावॉर्डात लागले पाहिजेत, एवढी मागणी तर सांगलीकरांनी आताच करायला हवी. औषधांच्या तपासणीसाठी महागडी यंत्रं लागतात, पण ही चाचणी कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत होते.