फायरवॉलवर नवं पॅकेज हवंय? आधी अडचण सांगा

आमच्या नागपुरातल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुमच्या कार्यालयात, दवाखान्यात किंवा गोदामात आम्ही बसवलेला फायरवॉलचा डबा, म्हणजे इंटरनेट आणि तुमचं आतलं नेटवर्क यांच्यामधली ये-जा तपासणारं यंत्र, पीएफसेन्स नाहीतर ओपीएनसेन्स या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर चालतो. डबा बसून चार-सहा महिने झाले की ग्राहकाचा फोन येतोच, "त्यात ते अमुक पॅकेज टाकून द्या ना." पॅकेज म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला वरून जोडायचं जादा सॉफ्टवेअर. असा फोन आला की आम्हाला बरं वाटतं. डबा कोपऱ्यात नुसता पडून नाही, त्याच्याकडून आणखी काम करून घ्यावं असं तुम्हाला वाटतंय, हे त्यातून कळतं. पण ही मागणी कशी करावी, पुढे तिचं काय होतं आणि कधीकधी आम्ही नकार का देतो, हे दर वेळी फोनवर नीट सांगता येत नाही. म्हणून हे पत्रक.

आधी तुमच्याकडे दोन्हींपैकी काय आहे ते बघा. लॉगिनच्या पानावर नाव दिसतं. दोन्ही सॉफ्टवेअरचं मूळ एकच. मोनोवॉल नावाच्या जुन्या प्रकल्पातून २००४ मध्ये पीएफसेन्स निघालं आणि पीएफसेन्समधून जानेवारी २०१५ मध्ये ओपीएनसेन्स वेगळं झालं. दोन्ही फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभी आहेत. तरी आता ही दोन वेगळी घरं आहेत. पीएफसेन्सचं पॅकेज ओपीएनसेन्सवर बसत नाही. ओपीएनसेन्समध्ये त्याला प्लगइन म्हणतात आणि त्याच्या नावाची सुरुवात 'ओएस' या अक्षरांनी होते. भावाच्या दुकानात एखादं पॅकेज चालताना बघून तुम्ही तेच मागितलंत, तर तुमच्या डब्यात त्याचं नाव वेगळं असेल किंवा ते नसेलही.

पॅकेजचं नाव सांगू नका, काम सांगा

सगळ्यात महत्त्वाचं हेच. इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्यांनी आमच्याकडे 'स्क्विड' मागितलं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की स्क्विड बसवलं की कामगारांचं व्हिडिओ बघणं बंद होतं. स्क्विड हा प्रॉक्सी आहे, म्हणजे कॉम्प्युटर आणि वेबसाइट यांच्यामध्ये बसणारा मध्यस्थ, आणि पंधरा वर्षांपूर्वी तो सल्ला बरोबरही होता. तेव्हा बऱ्याच वेबसाइट कुलूप न लावता चालत, त्यामुळे प्रॉक्सीला आतलं सगळं वाचता येई. आता जवळपास सगळी ये-जा एचटीटीपीएसच्या कुलपात, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात होते. ते कुलूप मध्येच उघडायचं तर दुकानातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर आपलं प्रमाणपत्र बसवावं लागतं, आणि तसं केलं की बँकेची ॲप कुरकुर करू लागतात.

शिवाय स्क्विडची स्वतःची तब्येतही ठीक नव्हती. एका सुरक्षा संशोधकाने २०२१ मध्ये त्यातले ५५ दोष शोधून कळवले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याने ते जाहीर केले, तेव्हाही त्यातले ३५ दुरुस्त झालेले नव्हते. त्यानंतर हे पॅकेज पुढे काढून टाकणार असल्याचं पीएफसेन्सने जाहीर केलं.

आम्ही त्या व्यापाऱ्यांना विचारलं, "नेमकं काय थांबवायचंय?" त्यांचं म्हणणं एवढंच होतं की दुपारी चार वाजता बिलाचं सॉफ्टवेअर रेंगाळतं. तपासलं तर वरच्या मजल्यावरचे सीसीटीव्ही कॅमेरे त्या वेळी क्लाउडवर फुटेज चढवत होते. कामगारांचा काही संबंधच नव्हता. कॅमेऱ्यांच्या वेगाला मर्यादा घातली, ती सोय मूळ सॉफ्टवेअरमध्येच आहे, आणि पॅकेज न टाकताच काम झालं. त्यांनी मागितलेलं पॅकेज आम्ही मुकाट्याने बसवलं असतं, तर पैसे घेऊनही बिल चार वाजता रेंगाळतच राहिलं असतं.

ज्यांना खरोखरच काही साइट बंद करायच्या असतात, त्यांच्यासाठी डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याच्या) पातळीवर नावांची यादी अडवणारं पीएफसेन्सवरचं पीएफब्लॉकरएनजी बहुतेक वेळा पुरतं. तेही पॅकेजच आहे, पण हलकं आहे आणि कुणाचं कुलूप उघडत नाही.

आहे ते आधी पाहू

दुसरी गोष्ट धंतोलीतल्या एका तपासणी केंद्राची. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की नागपुरात लाईन कधी जाईल याचा भरवसा नसतो, आणि वळवाची वावटळ आली की तासनतास येत नाही. यूपीएसची बॅटरी संपली की डबा धाडकन बंद पडायचा. असं चार-पाचदा झालं तर डिस्कवरची माहिती बिघडू शकते. त्यांची मागणी होती की यूपीएस आणि फायरवॉल यांचं 'बोलणं' करून देणारं नवं पॅकेज बनवून द्या.

ते आधीपासून आहे. नट नावाचं पॅकेज दोन्ही सॉफ्टवेअरसाठी मिळतं. यूपीएसची यूएसबी केबल डब्याला जोडायची, आणि बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की डबा स्वतःहून शिस्तीत बंद होतो. अडचण होती ती त्यांच्या यूपीएसची. मोठ्या ब्रँडच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. पण बाजारातले बरेच स्वस्त यूपीएस आतून मेगाटेक नावाच्या जुन्या बोलीत बोलतात आणि नटकडे त्यासाठी वेगळा ड्रायव्हर आहे. तो निवडला आणि यूपीएस दिसू लागला. त्यांच्या डोक्यात नवं पॅकेज होतं, प्रत्यक्षात लागली एक सेटिंग.

लॉगचंही, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या नोंदींचंही, तेच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. त्यासाठी फायरवॉलवर लॉग साठवणारं पॅकेज टाकून द्या, असे फोन येतात. कृपया हा हट्ट धरू नका. लहान डब्यांत साठवणीला ईएमएमसी चिप असते. सारखं लिहून लिहून ती झिजते, आणि ती गेली की बहुतेक वेळा मदरबोर्डच बदलावा लागतो. लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहेच. कार्यालयातला एखादा जुना कॉम्प्युटर त्या कामी लावा, आम्ही जोडून देतो.

खरंच नवं पॅकेज लागतं तेव्हा

असंही होतं. एखादं काम मूळ सॉफ्टवेअर करत नाही, उपलब्ध पॅकेजही करत नाही. तेव्हा आम्ही पहिल्यांदा फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समध्ये शोधतो. तिथे ३०,००० हून जास्त सॉफ्टवेअर बांधून ठेवलेली आहेत. हवं ते तिथे असेल तर निम्मं काम झालं. पण निम्मंच, आणि ग्राहकांचा गैरसमज बहुतेक इथेच होतो.

"तिथे आहे ना, मग टाकून द्या," असं म्हणतात. एका ग्राहकांच्या इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने तसं केलंही. फ्रीबीएसडीच्या भांडारातून त्याने थेट कमांडने एक सॉफ्टवेअर चढवलं. त्या दिवशी सगळं चाललं. पुढच्या अपडेटला मात्र लायब्ररींच्या (सॉफ्टवेअरना लागणाऱ्या सामायिक कोडच्या) आवृत्त्या जुळेनात आणि डबा अर्ध्यावर अडकला. शनिवारी संध्याकाळी आम्ही जाऊन सगळं पुन्हा बसवलं. पोरगा हुशार आहे, त्याला आम्ही बोल लावत नाही. ते भांडार फायरवॉलवर मुळात बंद ठेवलेलं असतं, ते का, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पॅकेज म्हणवून घ्यायचं तर त्या सॉफ्टवेअरला वेबवरच्या पॅनेलमध्ये स्वतःचं पान हवं. त्याची प्रत्येक सेटिंग कॉन्फिग फाइलमध्ये जायला हवी, म्हणजे तुमच्या बॅकअपमध्ये ती येईल आणि डबा बदलला तरी परत मिळेल. डबा चालू झाला की ते आपोआप चालू व्हावं आणि काढलं की मागे कचरा न ठेवता निघून जावं. हा सगळा कोड कुणीतरी लिहायचा आणि मूळ प्रकल्पातल्या लोकांनी तपासायचा. पीएफसेन्स अमेरिकेतली नेटगेट कंपनी चालवते, ओपीएनसेन्स नेदरलँड्समधली डेसिसो. दोघांकडे मागण्या नोंदवायची उघडी नोंदवही आहे. तुमची मागणी पटण्यासारखी असेल तर आम्ही ती इंग्रजीत मांडून तिथे नोंदवतो. तुमचं नाव, पत्ता, आयपी यातलं काहीही त्यात देत नाही.

त्यानंतर तारीख मिळत नाही. तिथले बरेच लोक फावल्या वेळात काम करतात, आणि एका गावातल्या एका दुकानाची गरज त्यांना जगातल्या बाकी मागण्यांच्या रांगेत बसवावी लागते. कधी 'नको' असं उत्तर येतं, कधी उत्तरच येत नाही. कोड आम्हीच लिहून दिला तर गोष्ट लवकर पुढे सरकते. अशा कामाचा खर्च आम्ही आधी लेखी कळवतो, आणि तीच गरज असलेले आणखी दोन-तीन ग्राहक मिळाले तर तो वाटून घेतो. बनलेला कोड मात्र सगळ्यांसाठी खुला राहतो. तुमच्या पैशातून झालेलं काम उद्या पुण्यातलं किंवा पोलंडमधलं कुणी फुकट वापरेल. तुमच्या डब्यातलं बाकी सगळं असंच कुणीतरी आधी करून ठेवल्यामुळे तुम्हाला मिळालं आहे.

नंतर कोण सांभाळणार?

पॅकेज बनवण्यापेक्षा ते जगवणं अवघड. ओपीएनसेन्सची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, जानेवारीत आणि जुलैत. प्रत्येक वेळी पॅकेज तपासावं लागतं. फायरवॉल हा घराचा दरवाजा आहे, त्यामुळे त्यावरचं सांभाळ नसलेलं सॉफ्टवेअर आतल्या एखाद्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या सॉफ्टवेअरपेक्षा कितीतरी धोक्याचं.

मागणी जोरदार असली म्हणून घाई करू नये, याचं उदाहरण वायरगार्डचं. हे व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आतल्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारी सोय, सगळ्यांनाच हवं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएफसेन्सच्या २.५.० आवृत्तीत ते थेट गाभ्यात आलं. पुढच्याच महिन्यात त्या कोडच्या दर्जावर गंभीर आक्षेप आले. फ्रीबीएसडीने आपल्या येऊ घातलेल्या १३.० आवृत्तीतून ते काढलं, पीएफसेन्सनेही २.५.१ मध्ये काढलं. नव्याने लिहिलेला कोड आधी वेगळं पॅकेज म्हणून परत आला आणि फ्रीबीएसडीच्या गाभ्यात २०२३ मध्ये १३.२ आवृत्तीबरोबर पोचला. ज्या मागणीमागे अख्खं जग होतं तिला दोन वर्षं लागली. म्हणून तुमच्या मागणीवर आम्ही "बघतो, वेळ द्या" म्हणालो तर टाळाटाळ करतोय असं कृपया समजू नका.

काही गोष्टी आम्ही फायरवॉलवर टाकतच नाही. फाइल सर्व्हर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, मेल सर्व्हर, प्रिंटरचं शेअरिंग. हिंगण्याच्या एका कारखान्यात यावरून आमचा वाद झाला. एकाच डब्यात सगळं मावतंय तर दुसरा कॉम्प्युटर कशाला, हा त्यांचा प्रश्न खर्चाच्या हिशेबाने रास्त होता. पण फाइल सर्व्हरमधल्या एका दोषाने दरवाजाच चोराच्या हाती गेला, तर वाचवलेल्या पैशांना अर्थ राहत नाही. तिथे आम्ही वेगळी लहान मशीन बसवून दिली.

मागणी पाठवताना

व्हॉट्सॲपवर पाठवली तरी चालते, बोलून पाठवली तरी चालते. काय अडतंय, कोणत्या वेळी अडतंय, किती माणसं नेटवर आहेत आणि इंटरनेटची लाईन कोणत्या कंपनीची आहे, एवढं सांगा. पॅनेलचं पहिलं पान उघडून त्याचा फोटो काढा. आवृत्ती, रॅम आणि डिस्क किती भरली आहे, हे सगळं त्यावर दिसतं. सुरिकाटासारखं घुसखोरी ओळखणारं पॅकेज हवं असेल तर रॅमचा आकडा आम्हाला आधी लागतो. नियमांची यादी मोठी असेल तर एक-दोन जीबी त्यातच जातात, आणि तुमच्या डब्यात मुळात चारच असतील तर आधी रॅमचं बोलावं लागेल. पासवर्ड फोटोत किंवा मेसेजमध्ये पाठवू नका, आम्ही तो कधीच मागत नाही.

पॅकेज आधीपासून उपलब्ध असेल तर ते बसवणं वार्षिक देखभाल करारात येतं, वेगळे पैसे लागत नाहीत. बसवण्याआधी आम्ही बॅकअप घेतो आणि काम तुमचं दुकान बंद झाल्यावर करतो. त्यानंतर आठवडाभर वापरून बघा आणि उपयोग नसेल तर सांगा, काढून टाकू. न वापरलेलं पॅकेज ठेवू नये.

यूपीएसबद्दल मागणी असेल तर त्याच्या मागच्या बाजूच्या पट्टीचा फोटोही जोडा, मॉडेल आणि व्हीए स्पष्ट वाचता येईल असा. उन्हाळ्याआधी, मार्चपर्यंत पाठवलात तर लाईन जायला लागण्याच्या आत जोडून होईल.