हातचा आला कुठून? मुलांच्या मोठ्या बेरजा-वजाबाक्यांची पार्श्वभूमी

ऐरोलीत संध्याकाळी मी आमच्या इमारतीतल्या मुलांचा अभ्यास घेते. तिसरीतल्या एका मुलीला ४७ आणि ३८ची बेरीज विचारली. "चाळीस नि तीस सत्तर, सात नि आठ पंधरा, पंच्याऐंशी," ती पटकन म्हणाली आणि वहीत लिहिलं ५८. बेरीज तिला येत होती, तरी उत्तरावर फुली पडणार होती. अशा मुलांना आपण "गणित कच्चं" म्हणून मोकळे होतो. पण ही चूक तिची एकटीची नाही, तिच्यामागे बराच जुना इतिहास आहे.

सुरुवात आपल्या भाषेपासूनच होते. मराठीत पंच्याऐंशी म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना आठ. कन्नडमध्ये, तेलुगूमध्ये आणि वीसच्या पुढे इंग्रजीतही दशक आधी बोलतात. त्यात आपल्याकडे 'एकोण' आहे. एकोणपन्नास या नावातच एक वजाबाकी दडलेली आहे, पण मुलाच्या कानावर 'पन्नास' पडतं आणि ते ५९ लिहितं. हा नियम कसाबसा अंगवळणी पडला की एकोणनव्वदपर्यंत चालतो, आणि शंभराच्या अलीकडे एकदम नव्व्याण्णव येतं.

ही अडचण ओळखून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी नावं दिली गेली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी लहान मुलं बिचकतात, त्यांना एक सोपी वाट द्यावी. जुनी नावं काढलेली नव्हती. तरीही वाद थेट विधानसभेपर्यंत गेला, व्हॉट्सअ‍ॅपवर आडनावांची मोडतोड करून विनोद फिरले. मला ते तेव्हाही बोचले होते. पहिल्या बाकावर बसून अडणाऱ्या मुलाचा प्रश्न त्या हशात हरवून गेला.

उभ्या मांडणीची गोष्ट याहून जुनी. आज शाळेत बेरीज एककापासूनच सुरू करायची, असा दंडक आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) तो नाही. अंकांची बेरीज वा वजाबाकी स्थानानुसार करावी, सरळ क्रमाने किंवा उलट क्रमाने, अशी मोकळीक तिथे आहे. पहिलंच उदाहरण २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांच्या बेरजेचं: उत्तर ३६०, आणि ते दहा हजारांतून वजा केलं की ९६४०. ही मोकळीक परवडायची, कारण हिशेब धुळीच्या पाटीवर व्हायचे. अंकगणिताला 'पाटीगणित' म्हणत ते याच पाटीवरून. ४७ आणि ३८ मध्ये आधी ७ लिहावेत, पंधरा आले की बोटाने ७ पुसून ८ करावेत. कागदावर शाई पुसता येत नाही. दहाव्या शतकात दमास्कसमध्ये अल्-उक्लिदिसी या गणितज्ञाने भारतीय अंकांचं हे गणित पुसापुशीशिवाय, शाई-कागदावर कसं करावं ते लिहून ठेवलं. न पुसता लिहायचं तर उजवीकडून निघणं सोयीचं, हातचा आधीच कळतो. ती मुलगी तोंडी डावीकडून गेली, म्हणजे तिने काही वेडंवाकडं केलं नव्हतं.

हातच्याचा अर्थ मला समजला तो आजीमुळे. ती ठाण्यात जांभळी नाक्याजवळ राहायची आणि वाणसामानाचा जुना हिशेब सांगायची. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. त्यामुळे एकाच बेरजेत एक हातचा बाराचा, दुसरा सोळाचा आणि रुपयांकडे आलं की दहाचा. हातचा म्हणजे बांधलेला गठ्ठा, हे तेव्हाच्या मुलाला रोजच्या व्यवहारातच कळत असणार. पावकी, निमकी, औटकीही (पाव, अर्धा, साडेतीनचे पाढे) याच व्यवहारासाठी पाठ व्हायच्या. आता सगळीकडे दहाच. सोय मोठी झाली, मात्र दहाच का, हा प्रश्नच मुलांना पडेनासा झाला. "वर एक ठेवायचा" एवढंच उरलं.

वजाबाकीत तर घरातच दोन शाळा असतात. ५२ मधून २७ काढताना आजी म्हणे, "दोनातून सात जात नाहीत, बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन नि एक तीन, पाचातून तीन गेले दोन." म्हणजे वर दहा वाढवले, खालीही दहा वाढवले, फरक तोच राहिला. आज शाळेत पाच दशकांतला एक सुटा करतात. अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ विल्यम ब्राउनेल यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही रीती तिसरीच्या मुलांवर तपासल्या, तेव्हा अर्थ समजावून शिकवल्यास दशक सुटा करण्याची रीत मुलांना अधिक उमगते असं दिसलं. दोन्ही रीती बरोबर आहेत. घोळ होतो तो आजी-आजोबा एक सांगतात आणि बाई दुसरं, तेव्हा.

आणि आमच्याकडे आता सेमी इंग्रजी. वर्गात 'एटी-फाइव्ह', घरी पंच्याऐंशी. एकाच दिवसात मुलाने क्रम किती वेळा उलटवायचा?

त्या मुलीसाठी मी आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून ठेवले आहेत. आधी गठ्ठे मोजून लिहायचे, मग सुट्या, आणि नाव सगळ्यात शेवटी. काल ६४ मधून २८ काढताना तिने स्वतःहून एका गठ्ठ्याचा रबर सोडला, दहा काड्या चारांत मिसळल्या, आठ उचलून बाजूला ठेवल्या, मग दोन गठ्ठे सरकवले. 'छत्तीस' म्हणायच्या आधी तिने ३ लिहिला होता.