विमानाचे अवतरण अंतर

धावपट्टीच्या सुरुवातीच्या कडेवर विमान साधारण ५० फूट उंचीवर असते. तिथपासून ते पूर्ण थांबेपर्यंत लागणाऱ्या लांबीला अवतरण अंतर म्हणतात. चाके टेकल्यानंतरची धाव तेवढी यात येते, असा समज आहे; पण हवेतला शेवटचा टप्पाही यातच मोजतात.

चाचणीत मिळालेला आकडा नियोजनात जसाच्या तसा घेत नाहीत. प्रवासी जेट उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत थांबू शकले पाहिजे, असा नियम आहे. धावपट्टी ओली असेल तर गरजेत आणखी १५ टक्के वाढ. म्हणजे चाचणीत १,५०० मीटरमध्ये थांबणाऱ्या विमानासाठी कोरडी धावपट्टी २,५०० मीटर हवी, ओली २,८७५. रोजच्या उड्डाणांत चाचणीइतकी नेमकी लँडिंग होत नाहीत, म्हणून ही राखीव लांबी. उतरण्याआधी त्या घडीचा वारा, वजन आणि पाऊस धरून वैमानिक हिशेब पुन्हा करतात. वेग १० टक्के जास्त असेल, तर ब्रेकना सुमारे २१ टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते.

सर्वांत महाग पडते ते तरंगत राहणे. १४० नॉट वेगाने विमान सेकंदाला सुमारे ७२ मीटर कापते. टेकायला पाच सेकंद उशीर झाला, की साडेतीनशे मीटर धावपट्टी मागे गेली.

७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला नेमके हेच झाले. पाऊस, मागून वारा, २,७०० मीटरची ओली धावपट्टी. आणि बोइंग ७३७ टेकले ते सुरुवातीपासून सुमारे १,३५० मीटरवर. विमान टोक ओलांडून खाली कोसळले, २१ जण गेले. त्याआधी २२ मे २०१० रोजी मंगळूरला ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर विमान सुमारे ५,२०० फुटांवर टेकले होते, १५८ मृत्यू. दोन्ही वेळा सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटले होते, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चला. ती हाक कोणत्याही आकडेमोडीपेक्षा मोलाची होती. चाके टेकून रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे वेग मोडायला इंजिनांचा उलटा जोर, लावल्यावर तो मार्ग उरत नाही.

दोन्ही धावपट्ट्या टेबलटॉप, टोकापुढे उतार. अशा ठिकाणी टोकापुढचे सुरक्षाक्षेत्र जीव वाचवू शकते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ते किमान ९० मीटर लागते, शिफारस २४० मीटरची आहे. तेवढी जागा नसेल तिथे ठिसूळ, हलक्या काँक्रीटचा थर घालता येतो. चाकांखाली तो चुरडत जातो आणि विमान त्यात रुतून थांबते.